एगॉन आयरमान यांची वास्तुकला : स्मृती आणि विस्मरण

प्रास्ताविक :
दुसऱ्या महायुद्धोत्तर पश्चिम जर्मनीच्या वास्तुकलेचा विचार करताना एगॉन आयरमान (१९०४-१९७०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बर्लिनमध्ये हान्स पोल्झिग यांच्याकडे शिक्षण घेतलेले आयरमान १९४७ मध्ये कार्ल्सरूए येथे प्राध्यापक झाले. ओस्वाल्ड मथियास उंगर्स हे त्यांचे विद्यार्थी होत. प्रस्तुत लेखात आयरमान यांच्या भूतकाळाविषयीच्या दृष्टीचा चिकित्सक विचार केला आहे.

विवेचन :
नाझी राजवटीत आयरमान यांनी मुख्यतः औद्योगिक इमारती उभारल्या. तथापि १९३७ च्या बर्लिनमधील प्रचार-प्रदर्शनाची मांडणीही त्यांनी केली. पुढे १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात झेप रूफ यांच्यासह त्यांनी रचलेली पोलाद व काचेची हलकी, पारदर्शक दालने नव्या लोकशाही जर्मनीची ओळख ठरली. एकाच शिस्तबद्ध हाताने दोन परस्परविरोधी राजवटींची सेवा केली, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

या संदर्भात दोन वास्तूंची तुलना उद्बोधक ठरते. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मृती चर्चचे १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात भग्नावशेष झाले होते. ते पाडून संपूर्ण नवी रचना करावी, असा आयरमान यांचा मूळ प्रस्ताव होता. नागरिकांच्या तीव्र विरोधामुळे भग्न मनोरा राखला गेला आणि त्याच्या सान्निध्यात निळ्या काचेचे नवे चर्च १९६१ मध्ये पूर्ण झाले. याउलट श्टुटगार्ट येथे एरिक मेंडेल्सोन यांची शोकेन ही प्रसिद्ध व्यापारी वास्तू विरोधाला न जुमानता १९६० मध्ये पाडण्यात आली. तिच्या जागी आयरमान यांचीच इमारत उभी राहिली. मेंडेल्सोन हे १९३३ मध्ये देश सोडावा लागलेले ज्यू वास्तुकार होते. त्यामुळे ही हानी केवळ सौंदर्यदृष्टीची राहत नाही.

निष्कर्ष :
आयरमान यांची रचनाशुद्धता वादातीत आहे. परंतु त्यांची सर्वाधिक स्मरणीय कृती त्यांच्या मूळ आग्रहातून नव्हे, तर समाजाने त्या आग्रहाला घातलेल्या मर्यादेतून साकारली. त्या मर्यादेतही आपली भाषा न सोडता त्यांनी भग्नतेला समर्थ उत्तर दिले, हे त्यांचे श्रेय मान्य करावे लागते. मात्र श्टुटगार्टमध्ये अशी मर्यादा पडली नाही. म्हणून वास्तुशिक्षणात आयरमान शिकविताना त्यांनी काय उभारले याबरोबरच कशाच्या जागी उभारले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.