गौरव नव्हे, साक्ष
(लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तून दिसणारे ख्रिस्ती नेतृत्व)

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग भंडारा रोड व तुमसर रोड ही आपल्या जिल्ह्यातील स्थानके मागे टाकून गोंदियाकडे जातो. १८९३ साली याच मार्गावरील प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत टिळकांनी स्नानसंस्कार घेतला. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातील एवढी मोठी घटना आपल्या शेतशिवारातून गेलेल्या आगगाडीत सुरू झाली, याची जाणीव येथील किती ख्रिस्ती कुटुंबांना असेल?

टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरेतले. तरीही त्यांना छळणारा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेचाही आहे. श्रद्धेचा बाह्य आचार टिकून राहतो आणि आतला जिव्हाळा आटतो, तेव्हा नवजीवन कोठून आणावे? टिळकांनी भजन, कीर्तन आणि अभंग यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. स्नानसंस्कार घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. स्नानसंस्कार हे ख्रिस्तसभेचे द्वार आहे असे मानणाऱ्या आपणांस ही कल्पना जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. मात्र तिच्यामागील तळमळ नाकारणे कठीण आहे.

या तळमळीचा माणूस प्रत्यक्षात कसा होता, हे त्याच्या काव्यापेक्षा त्याच्या पत्नीच्या आत्मचरित्रातून अधिक कळते. टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाला आठवणी हव्या होत्या. त्यातून लक्ष्मीबाईंचे हे लेखन सुरू झाले आणि १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले. रीतसर शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईंचे गद्य आजही मराठीतील उत्तम गद्यात गणले जाते. त्याची थोरवी केवळ विनोदात आणि घरगुती भाषेत नाही. ज्याच्यावर मनापासून प्रेम आहे त्याच्याविषयी खरे बोलण्याचे धैर्य हा त्या गद्याचा प्राण आहे.

‘स्मृतिचित्रे’तले टिळक शीघ्रकोपी आहेत. न सांगता घरातून निघून जातात. पैसा त्यांच्या हाती टिकत नाही. दान करताना घरात उद्या काय शिजेल याचा विचार त्यांना शिवत नाही. पण हेच टिळक अनाथ मुलांना आपल्या घरात घेतात आणि सत्यासाठी जात, आप्त व मानमरातब सोडतात. लक्ष्मीबाई या दोन बाजूंचा हिशेब मांडत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात आणि वाचकावर विश्वास टाकतात. स्वतःलाही त्या सूट देत नाहीत. पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, सोवळ्याओवळ्याशी झालेला झगडा, अखेर १९०० साली घेतलेला स्नानसंस्कार, हे सारे सांगताना स्वतःच्या हट्टावर त्या मनमुराद हसतात.

पवित्र शास्त्राची रीत याहून वेगळी आहे काय? मोशे इस्राएलचा सर्वांत मोठा नेता, तरी खडकापाशी त्याचा तोल सुटला हे गणना ग्रंथाने लपवले नाही. सारा भार एकट्याने वाहू नये, हा शहाणपणाचा सल्ला त्याला सासऱ्याकडून घ्यावा लागला, याचीही निर्गम ग्रंथात नोंद आहे. दाविदाचे पाप नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर सांगितले. पुढे मत्तयने येशूची वंशावळ लिहिताना उरियाच्या पत्नीचा उल्लेख गाळला नाही. पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत आहे आणि अंत्युखियात पौलाने त्याला उघडपणे विरोध केल्याचे गलतीकरांच्या पत्रात आहे. आपल्या पहिल्या नेत्यांच्या चुका प्रारंभीच्या ख्रिस्तसभेने उपासनेत मोठ्याने वाचल्या. त्यामुळे पेत्राचा मान कमी झाला नाही. देवाची कृपा अधिक स्पष्ट दिसली.

याच्या शेजारी आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका ठेवून पाहाव्यात. रौप्यमहोत्सव असो वा सुवर्णमहोत्सव, प्रत्येक धर्मगुरू त्यात प्रेमळ, कष्टाळू आणि दूरदृष्टीचा असतो. इमारतींची छायाचित्रे असतात, देणगीदारांची यादी असते. कोणत्या वर्षी गटबाजी माजली, कोणती कुटुंबे दुरावली, त्यांना परत आणायला कोण गेले, याविषयी अक्षर नसते. अशा लेखनाला आपण नम्रता समजतो. वस्तुतः त्याने सर्वाधिक नुकसान होते ते आम्हां धर्मगुरूंचेच. ज्याला कोणी खरे सांगत नाही, त्याला पश्चात्तापाची संधीही मिळत नाही. आणि पश्चात्तापावाचून नवजीवन कसले? ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे संपलेल्या सिनडने पारदर्शकता व उत्तरदायित्व यांवर भर दिला आहे. तो कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर आपल्या लिहिण्याबोलण्याची सवय आधी बदलायला हवी.

‘स्मृतिचित्रे’ आणखी एक धडा देतात. दरबार सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. एका व्यक्तीच्या तेजावर उभा राहिलेला दरबार त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. टिकले ते दुसरेच. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनी. वचनदत्त भूमीत मोशे पोहोचला नाही, यहोशवा पोहोचला. पण मोशेने त्याच्यावर लोकांसमक्ष हात ठेवले होते. टिळकांनी असा वारस नेमला नव्हता. तो त्यांच्या स्वयंपाकघरात तयार होत होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रात ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण धर्माधिकाऱ्यांच्या प्रकरणाआधी ठेवले, त्याचा अर्थ या उदाहरणातून किती सहज उमगतो!

या ग्रंथाला मर्यादाही आहेत. दरबारामागील धर्मविचाराची पद्धतशीर मीमांसा शोधणाऱ्याची येथे निराशा होईल. लेखिकेची दृष्टी घरातून बाहेर जाते. टिळकांचे प्रार्थनाजीवन आपणांस बरेचसे बाहेरून दिसते. प्रसंग एकामागून एक धावतात आणि काही ठिकाणी, जेथे दुःखापाशी थोडे थांबावे असे वाटते, तेथेच विनोद आडवा येतो. पण साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे, हा नियम लक्ष्मीबाईंनी पाळला आहे. तो दोष म्हणावा की गुण, हे वाचकानेच ठरवावे.

पुढच्या महोत्सवाची स्मरणिका काढताना संपादक मंडळींनी एक करून पाहावे. मान्यवरांकडून संदेश मागवण्याआधी धर्मग्रामातील एखाद्या वृद्ध आजीजवळ बसावे आणि तिला आठवते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तीत पाद्रीबाबांच्या रागाची गोष्ट आली तर ती गाळू नये. तोवर ‘स्मृतिचित्रे’ घरोघरी वाचली जावीत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांसाठी शांता गोखले यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१७ पासून उपलब्ध आहे. आपल्या धर्मगुरूवर प्रेम करावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याला खरे सांगावे. या तिन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, हे लक्ष्मीबाईंनी दाखवून दिले आहे.