कूपर ब्लॅक : ठळकपणाचे स्वरूप आणि मर्यादा

मुद्राक्षराचा ठळकपणा म्हणजे केवळ शाईचे आधिक्य, असा एक समज रूढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे हे तपासण्यास ऑझवाल्ड कूपर याने रेखाटलेला आणि शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप-फाउंड्रीने १९२२ मध्ये विक्रीस आणलेला 'कूपर ब्लॅक' हा टाइप विशेष उपयुक्त ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी जे स्थूल टाइप निघाले, त्यांत जाड रेषा फुगविल्या जात आणि बारीक रेषा मात्र केसासारख्या ठेवल्या जात. त्यांचा प्रभाव विरोधावर आधारलेला होता. कूपरने हा विरोध जवळजवळ मिटविला. त्याच्या अक्षरांत जाड-बारीक भेद अल्प आहे. सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांशी येणारी पाती, गोलावलेली आहेत. टोकदार कोपरा कोठेही नाही. तथापि 'ओ' या अक्षराच्या आतील पोकळी किंचित डावीकडे कललेली असून तीत रुंद टोकाच्या लेखणीचे वळण टिकून आहे. कूपर हा फ्रेडरिक गौडीचा विद्यार्थी होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. जुन्या रोमन वळणाचा संस्कार या स्थूल देहातही लोपलेला नाही.

या घडणीतच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण आहे. केसासारखी रेषा झिजते, तुटते. टोकदार कोपऱ्यात शाई साचते. कूपर ब्लॅकमध्ये असे नाजूक स्थळच नसल्यामुळे शिशाच्या खिळ्यांचा काळ मागे पडल्यावरही, छायाक्षरजुळणीत व कापडावरील छपाईतही, त्याचे रूप अबाधित राहिले. बीच बॉइज या वाद्यवृंदाच्या 'पेट साउंड्स' (१९६६) या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन आणि १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ईझीजेट या विमान कंपनीचे नाव, दोन्ही याच टाइपात आहेत.

या टाइपास 'स्नेहाळ' म्हणण्याचा प्रघात आहे. या विशेषणात दोन भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत. वजन आणि मार्दव यांचा संयोग हा आकृतीचा गुण होय; गतकाळाची हुरहूर हा मात्र वापरातून चढलेला संस्कार होय. १९२२ च्या मुद्रकाला त्यात हुरहूर जाणवणे शक्यच नव्हते. त्याच्यासमोर होता तो जाहिरातीचा एक नवा टाइप. टीकाकाराने हे दोन स्तर वेगळे न केल्यास अक्षराचे परीक्षण न होता केवळ आठवणींचे परीक्षण होते.

मर्यादाही त्याच घडणीतून उद्भवतात. अक्षरांतील पोकळ्या लहान असल्यामुळे बारीक आकारात त्या बुजतात आणि सलग मजकुराचा काळा पट्टा होतो. शोकवार्ता वा न्यायालयीन सूचना यांना लागणारे गांभीर्य त्याच्या गोलाईत मावत नाही. चार-पाच शब्दांची, मोठ्या आकाराची, जवळीक साधणारी ओळ हेच त्याचे खरे क्षेत्र होय. सारांश, ठळकपणाचा कस शाईच्या परिमाणात नसून अक्षराच्या आत राखलेल्या पांढऱ्या जागेत आणि शाईच्या कडा कशा वळविल्या आहेत यात आहे.