'चाकाची खुर्ची' आणि शाळेनंतरचा प्रश्न

मराठी आत्मकथनांच्या समीक्षेत दलित, भटके-विमुक्त आणि स्त्रिया यांच्या अनुभवांची विपुल चर्चा झाली. अपंगांची आत्मकथने त्या मानाने दुर्लक्षित राहिली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे त्यांपैकी एक महत्त्वाचे आत्मकथन होय.

१९५० साली जन्मलेल्या नसीमा यांचे कमरेखालचे शरीर ऐन किशोरवयात लुळे पडले. शाळेनंतर काय, हे ठरवण्याचे तेच वय. त्या वेळी दिशा दाखवली ती बाबूकाका दिवाण यांनी. ते स्वतःही चाकाच्या खुर्चीवर होते. पुढे केंद्रीय अबकारी खात्यातील नोकरी, १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था, अपंग मुलांसाठी 'घरौंदा' वसतिगृह आणि सिंधुदुर्गातील काजूप्रक्रिया प्रकल्प असा हा प्रवास आहे.

या पुस्तकाचे कौतुक बहुधा 'जिद्दीची कहाणी' म्हणून होते. हे वाचन अपुरे आहे. जिद्द नसीमा यांची होती. पण वाट दाखवणारा माणूस भेटला तो योगायोगाने. भेट झाली नसती तर काय, हा प्रश्न अशा वाचनात सुटून जातो. लेखिकेच्या पुढील कार्यात मात्र त्याचे उत्तर दिसते: राहण्याची सोय, शिक्षण आणि काम या तिन्ही गोष्टी त्यांच्या संस्थेने एकत्र उभ्या केल्या.

जळगावला लागून असलेल्या, २००३ मध्ये जिल्हा झालेल्या बऱ्हाणपुरात हा प्रश्न अधिक बोचतो. यंत्रमागाच्या या शहरात अनेक मुलांना घरचाच धंदा मिळतो. पण मागावर तासन्‌तास उभे राहावे लागते. पायाने अधू मुलाला ती वाट बंद होते. २०१६ च्या कायद्यानुसार किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. परंतु या दोन टोकांमधला पूल कागदावरच्या टक्क्यांनी बांधला जात नाही.

म्हणून नववीपासूनच अपंगत्वाचे प्रमाणपत्र, महाविद्यालयाची चौकशी, जमेल अशा कामाची ओळख आणि कमावत्या अपंग व्यक्तींशी भेट या गोष्टी शाळेने हाती घ्याव्यात. नसीमा यांना योगायोगाने लाभलेले मार्गदर्शन प्रत्येक विद्यार्थ्याला हक्काने मिळावे, हाच या आत्मकथनाचा खरा बोध होय.