निरागसांच्या नावाने

मुलांच्या भल्यासाठी म्हणून जे केले जाते, त्याची चिकित्सा करायला सहसा कोणी धजत नाही. चिकित्सा करणारा मुलांच्या जिवावर उठला आहे, असाच अर्थ काढला जातो. म्हणून फ्रेडरिक वर्थॅम या अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञाच्या ‘सिडक्शन ऑफ द इनोसन्ट’ या पुस्तकाकडे पुन्हा एकदा पाहावे, असे आम्हाला वाटते. पुस्तक १९५४ सालचे आहे. पण त्यातील युक्तिवादाची तऱ्हा आजही पालकसभेत ऐकू येते.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : गुन्हेगारीच्या, भुताखेतांच्या आणि अचाट शक्तीच्या नायकांच्या कॉमिक्समुळे मुले बिघडतात, शाळा चुकवतात, गुन्ह्यांकडे वळतात. पुरावा म्हणून वर्थॅम यांनी दवाखान्यात भेटलेल्या मुलांच्या हकिगती त्यांच्याच तोंडच्या वाक्यांसह दिल्या. लेखन परिणामकारक आहे. वाचून पालक हादरले, यात नवल नाही. वातावरण आधीच तापलेले होते. १९४८ सालीच अमेरिकेत काही ठिकाणी कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या होत्या. एप्रिल १९५४ मध्ये सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे वर्थॅम यांची साक्ष झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. ती २०११ पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकली.

आता पुराव्याकडे वळू. बिघडलेली बहुतेक मुले कॉमिक्स वाचतात, हे वर्थॅम यांचे निरीक्षण खरेच होते. पण त्या काळी अमेरिकेतील १० पैकी ९ हून अधिक मुले कॉमिक्स वाचत होती. फळ्यावर चार रकाने आखून हा घोटाळा वर्गात सहज दाखवता येईल. समजा, १०० मुले आहेत. त्यांतील १० गुन्ह्यांत सापडलेली आणि ९० न सापडलेली. सापडलेल्या १० पैकी ९ जण कॉमिक्स वाचतात. ऐकूनच छातीत धस्स होते! पण उरलेल्या ९० पैकी किती वाचतात? ८१ वाचत असतील, तर तेही प्रमाण दहास नऊ एवढेच झाले. म्हणजे कॉमिक्सचा आणि गुन्ह्याचा संबंध या आकड्यांतून मुळीच दिसत नाही. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला पहिले १० दिसतात. ८१ जण घरी आनंदात असतात, ते त्याच्याकडे कशाला येतील? तुलनेसाठी दुसरा गट घेणे हा शास्त्रीय पद्धतीचा पहिला धडा. वर्थॅम यांच्या पुस्तकात तोच नाही.

एवढेच असते, तर तिला पद्धतीतील चूक म्हणून सोडून देता आले असते. पण वर्थॅम यांची कागदपत्रे २०१० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातील कॅरोल टिली यांनी मूळ टिपणे आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून वाचले व २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुठे दोन तरुणांची बोलणी एकाच्या तोंडी घातलेली, कुठे एकाचे बोलणे अनेकांत वाटलेले, कुठे गैरसोयीचा तपशील गाळलेला.

त्यांतील १३ वर्षांच्या डोरोथीची हकिगत शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ती सतत शाळा चुकवत असे. पुस्तकात त्याचा ठपका कॉमिक्सवर आहे. टिपणांत मात्र वेगळेच आहे : तिला वाचनाची अडचण होती, बुद्ध्यांक कमी होता, ती एका टोळीत सामील होती आणि घरातून पळालेली होती. वाचता न येणारे मूल शाळा का टाळते, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. पण कारण पुस्तकाच्या दुकानात सापडल्यावर ते घरात आणि वर्गात शोधण्याची गरज कोणाला वाटणार? अशा भीतीने मुलांचे होणारे खरे नुकसान हे आहे. गोष्टींवर बंदी येते, हा त्याचा एक भाग झाला. त्याहून वाईट म्हणजे मूल नजरेआड होते.

आचारसंहितेचेही तसेच झाले. विल्यम गेन्स यांच्या प्रकाशनाने एका कथेत यंत्रमानवांच्या दोन रंगांतील भेदभाव दाखवला होता. तो तपासायला पृथ्वीवरून आलेला अंतराळवीर शेवटच्या चित्रात शिरस्त्राण काढतो, तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. १९५६ च्या एका अंकासाठी ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा आचारसंहितेच्या प्रशासकाने त्या कृष्णवर्णीय नायकालाच हरकत घेतली. गेन्स यांनी माघार घेतली नाही, म्हणून ती छापली गेली. मुलांच्या रक्षणासाठी नेमलेला पहारेकरी शेवटी मोठ्यांच्या पूर्वग्रहांचा पहारा करू लागतो, तो असा.

वर्थॅम हे खलपुरुष होते काय? तसे म्हणता येत नाही. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांनी कृष्णवर्णीय गरिबांसाठी नाममात्र शुल्काचा दवाखाना काढला. वंशभेदी शाळांमुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघाताविषयी त्यांनी न्यायालयात दिलेली साक्ष मोलाची ठरली. कॉमिक्समधील काही चित्रे खरोखरच ओंगळ होती, हेही मान्य केले पाहिजे. पण हेतू चांगला आहे, म्हणून पुरावा थोडा ‘नीटनेटका’ करून घेण्याचा मोह चांगल्या माणसालाच अधिक होतो. आम्ही संशोधनाच्या क्षेत्रात असल्याने हा मोह आम्हाला अपरिचित नाही. म्हणूनच त्याला क्षमा करणे आम्हाला जड जाते.

हे सगळे दूरदेशीचे आणि जुने आहे, असे म्हणून सुटका नाही. २०१७ साली आपल्याकडे ‘ब्ल्यू व्हेल’ नावाच्या खेळाने मुलांचे बळी घेतल्याच्या बातम्यांनी घराघरांत घबराट पसरली. शाळांतून सूचना निघाल्या. मात्र तपासलेल्या घटनांपैकी एकीतही त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असे केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितले. तोवर आपण सगळे फोनमध्ये कारण शोधत राहिलो. जी मुले गेली, त्यांना कशाचे दुःख होते, हा प्रश्न मागेच राहिला.

मुलांना सगळे मोकळे सोडून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. मुलांच्या हाती काय पडते, याकडे लक्ष हवेच. मात्र एखादी गोष्ट मुलांना बिघडवते असे कोणी सांगितले, तर शिक्षकाने चार रकाने आखून रिकामा कोणता ते पाहावे. आणि त्याआधी, रोज गैरहजर राहणाऱ्या त्या एका मुलीला जवळ बसवून एक पान मोठ्याने वाचायला सांगावे. पान कॉमिकचे असले तरी चालेल.