देणगी, कंत्राट आणि पुरावा

निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली. निर्णय योग्यच होता, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. येथे विचार करावयाचा आहे तो त्यातील एका युक्तिवादाचा, व तो जेथे येऊन थांबतो त्या जागेचा.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. राजकीय पक्षांस देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या मेमोरँडममध्ये दुरुस्ती करू घातली, तेव्हा एका भागधारकाने हरकत घेतली. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला यांच्यापुढे आले. अशा देणग्यांनी लोकशाहीचा गळा आवळला जाईल, अशी भीती त्यांनी निःसंदिग्धपणे व्यक्त केली, संसदेचे लक्ष वेधले, आणि दुरुस्तीस मान्यताही दिली. कारण ती नाकारण्यास तत्कालीन कायद्यात आधार नव्हता. न्यायाधीशाची अशी कुचंबणा क्वचितच इतक्या प्रामाणिकपणे नोंदली गेली असेल.

पुढे १९६० साली मर्यादा आली, १९६९ साली संपूर्ण बंदी, १९८५ साली सशर्त परवानगी. २०१३ च्या कायद्याने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा घातली व २०१७ साली तीही काढून टाकण्यात आली. या साऱ्या उलथापालथीत नियमन झाले ते देणाऱ्याच्या हिशेबाचे. घेणाऱ्याच्या हातून पुढे काय घडले, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

२०२४ च्या निर्णयात तो प्रश्न डोकावतो. कंपनीची देणगी हा निव्वळ व्यापारी व्यवहार असून मोबदल्यात लाभ मिळविणे हा तिचा हेतू असतो, असे न्यायालय म्हणते. धोरणातील बदल वा परवाना ही अशा लाभाची उदाहरणेही देते. या विवेचनाच्या बळावर मतदाराचा माहितीचा हक्क श्रेष्ठ ठरतो आणि अमर्याद देणगीची मुभा समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरते. परंतु मार्च महिन्यात रोख्यांचे क्रमांक प्रसिद्ध होऊन देणारा व घेणारा यांची जोडी जुळल्यावर, विशेष तपासाची मागणी त्याच न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. देवघेव गृहीत धरून तपास सांगता येणार नाही. ज्यास तक्रार असेल त्याने कायद्यातील नेहमीचे मार्ग अवलंबावेत, असा त्याचा आशय होता.

अनेकांना ही विसंगती वाटली. ती तशी नाही. नियम करण्यास संभव पुरतो, दोष ठरविण्यास पुरावा लागतो. खरी अडचण आहे ती ‘नेहमीचे मार्ग’ या शब्दांत. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ घालण्यात आले. त्याअन्वये लोकसेवकाने अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाची पोलीस चौकशी करावयाची तर सरकारची वा त्यास पदावरून दूर करू शकणाऱ्या अधिकाऱ्याची पूर्वसंमती आवश्यक करण्यात आली. म्हणजे ज्या पक्षास देणगी मिळाली त्याचेच सरकार असेल, तर चौकशीची किल्ली त्याच्याच खिशात! प्रामाणिक अधिकाऱ्यास संरक्षण हवे, हे मान्य. तथापि कंत्राटाच्या प्रकरणी त्या संरक्षणाचा विस्तार कुठवर होतो, याचा विचार २ ऑगस्टच्या आदेशाच्या समर्थकांनी करावयास हवा होता.

आपल्या अभ्यासकांविषयीही एक तक्रार आहे. रोखे घेतल्याची तारीख आणि कंत्राट मिळाल्याची तारीख शेजारी मांडली की संशोधन झाले, अशी समजूत बळावत आहे. मोठी कंपनी वारंवार निविदा भरते आणि वारंवार देणग्या देते. दोन तारखा जवळ येणे त्यामुळे स्वाभाविकच होय. शिवाय एकाच कंपनीने परस्परविरोधी पक्षांस, निरनिराळ्या राज्यांतील सत्ताधाऱ्यांस, पैसे दिल्याचे दिसते. मेहेरबानीची खूण तारखेत सापडत नाही. ती निविदेच्या कागदांत सापडते. पात्रतेच्या अटी कोणाच्या मापाने बेतल्या, मुदत कोणासाठी वाढविली, स्पर्धक अपात्र का ठरले, काम मिळाल्यानंतर अंदाजपत्रक किती फुगले, हे पाहिले पाहिजे. आणि ज्यांनी देणगी दिली नाही अशा कंत्राटदारांची प्रकरणेही सोबत ठेवून ताडली पाहिजेत. हे काम कंटाळवाणे आहे. माहिती अधिकार कायद्यातील व्यापारी गोपनीयतेचा अपवाद पुढे करून कागद नाकारले जातील, आणि व्यापक लोकहिताचा जो अपवाद त्याच कलमात आहे त्याचा आधार घेऊन अपिलात भांडावे लागेल.