'स्वदेसी' आणि सीमाभागाची बोली

रॅपला काव्य म्हणावे की तालावरची बडबड, हा वाद अलीकडे आपल्या शिक्षकवर्गातही ऐकू येतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १९७३ च्या सुमारास उदय पावलेल्या हिपहॉपचे हे अंग मराठीत रुजविणाऱ्यांत मुंबईच्या 'स्वदेसी' मंडळाची गणना करावी लागते. बीदर-कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांतील मराठी अध्यापकांनी या मंडळाचा विचार अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

हे मंडळ २०१३ मध्ये उभे राहिले. चित्रपटसृष्टीच्या आश्रयाने नव्हे, तर स्वतंत्रपणे त्याने आपला श्रोता मिळविला. 'मवाली' मराठी-हिंदीतून बोलतो. 'तोडफोड' या नावाने गाणारे धर्मेश परमार गुजरातीतून रचना करीत. २०२२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीचा बाज घेऊन आले. सर्वांनी एकाच भाषेत गावे असा आग्रह येथे नाही. ताल सर्वांचा एक, वाणी ज्याची त्याची.

या पद्धतीचे सामर्थ्य २०१९ च्या 'द वारली रिव्होल्ट' या गीतात दिसते. आरेच्या जंगलातील वारली समाजाची व्यथा सांगताना मंडळाने तेथीलच रहिवासी व कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेतले. पोवाड्यात शाहीर बहुधा दुसऱ्याचा पराक्रम वर्णितो. येथे ज्याचे दुःख त्याचाच कंठ आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. परंतु झाडे वाचली नाहीत म्हणून गीत फसले, असे म्हणणे हा वाङ्मयाचा निकष नव्हे.

दोषही सांगितला पाहिजे. २०२० च्या 'चेतावनी' या संग्रहात जेथे घोषणा प्रतिमेवर मात करते आणि यमक अर्थाला ओढीत नेते, तेथे आवेश उरतो, काव्य विरळ होते. ही उणीव मात्र बोलीची नव्हे, रचनेची आहे.

बहुभाषिक रचना आपल्या भागाला नवीन नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड व हिंदी या तिन्ही भाषांत पदे रचली. त्याच भूमीतील विद्यार्थ्याच्या मराठीत एखादा कानडी प्रत्यय वा दखनी शब्द आला, की आपण त्यावर लाल रेघ ओढतो. प्रमाणभाषा शिकविणे हे आपले कर्तव्यच आहे आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती रेघ योग्यही असेल. परंतु तिच्या धाकाने मुलाने घरची मराठी उच्चारणेच सोडले, तर सीमाभागात मराठीचे आयुष्य किती उरेल?

रॅप अभ्यासक्रमात घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना आपल्या बोलीत स्वतः रचलेले काही म्हणू द्यावे आणि त्याचे गुणदोष इतर कवितांप्रमाणेच पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.