लोकप्रिय चित्रपटांतील मनोविकार : निदान आणि उपचार

प्रियदर्शन यांच्या ‘भूल भुलैया’ (२००७) या हिंदी चित्रपटात अवनीला भूतबाधा नसून मनोविकार आहे, असे मानसोपचारतज्ज्ञ ठामपणे सांगतो. मात्र ती बरी होते ती आचार्यांच्या विधीच्या आडून रचलेल्या एका रात्रीच्या नाट्याने. निदान शास्त्राचे आणि उपचार चमत्काराचा, अशी ही विसंगती आहे. याउलट सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या मराठी चित्रपटात स्किझोफ्रेनियाग्रस्त शेषला त्याची बहीण सीना सांभाळते. तेथे उपचारांबरोबर घरच्यांची दमछाकही दिसते. झटपट बरे होण्याची आशा फोल ठरली, की पालक औषधोपचार सोडण्याचा धोका असतो. म्हणून अध्यापकांनी विद्यार्थ्यांसमोर हे दोन्ही चित्रपट तुलनेने मांडणे आवश्यक ठरते.